आर्थिक मंदीचे राजकीय उत्तरदायित्व

देशाची आर्थिक वाढ मंदावल्यास सत्ताधाऱ्यांना जाब कोणी, कुठे व कसा विचारावा, यासंबंधीची तत्त्वे आणि प्रथा. जाब विचारण्याच्या जागा तीन : मतपेटी, संसद व न्यायालय. पैकी मतपेटीचा धाक सर्वांत मोठा, पण नेम कच्चा.

अमेरिकेत १९२९ साली महामंदी सुरू झाली, तेव्हा हर्बर्ट हूवर यांना अध्यक्ष होऊन वर्षही झाले नव्हते. तरी बेघरांच्या झोपडवस्त्यांना लोकांनी ‘हूवरव्हिल’ हेच नाव दिले आणि १९३२ च्या निवडणुकीत ४८ पैकी अवघी ६ राज्ये हूवर यांच्या पदरात टाकली. जॉर्ज बुश (थोरले) यांची गत वेगळी. त्यांच्या काळातील मंदी मार्च १९९१ मध्येच संपली होती. पण बेकारी त्यानंतरही वाढत जाऊन जून १९९२ मध्ये ७.८ टक्क्यांवर पोहोचली. नोव्हेंबरात ते हरले. मंदी संपल्याची तारीख अर्थतज्ज्ञांच्या अधिकृत समितीने जाहीर केली ती डिसेंबरात. अर्थात, आधी केली असती तरी हाताला काम नसलेल्याचे समाधान त्याने झाले असते असे नाही.

दोष नक्की कोणाच्या माथी मारायचा, हा खरा पेच. आघाडी सरकार, स्वायत्त मध्यवर्ती बँक, जागतिक बाजार असे वाटेकरी वाढले की मतदाराचा राग विखुरतो. पॉवेल व व्हिटन या राज्यशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये यालाच ‘जबाबदारीची स्पष्टता’ या कल्पनेतून मांडले.

न्यायालयाची वाट क्वचितच धरली जाते. आइसलँडमध्ये २००८ साली मोठ्या बँका कोसळल्यानंतर माजी पंतप्रधान गेर हार्दे यांच्यावर मंत्र्यांसाठीच्या विशेष न्यायालयात खटला चालला. १९०५ पासून कायद्यात असलेले हे न्यायालय प्रथमच भरले. अन्य तीन मंत्र्यांना संसदेने आधीच वगळले होते. २०१२ च्या निकालात हार्दे एकाच आरोपात दोषी ठरले : गंभीर विषयावर मंत्रिमंडळाची बैठक न घेणे. शिक्षा झाली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र आर्थिक अरिष्टाबद्दल राजपक्षे बंधूंसह मध्यवर्ती बँकेच्या माजी गव्हर्नरांवर थेट ठपका ठेवला. लोकविश्वासाचा भंग झाला, असे बहुमताचे म्हणणे. नुकसानभरपाईचा आदेश नव्हता. अर्जदारांना मिळाला तो दाव्याचा खर्च.