क्लासिक मोटारींच्या मूळ रंगाची जुळणी

जुनी मोटार कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्या अंगावर जो रंग होता, तो शोधून काढणे, त्याचे सूत्र ठरवणे आणि त्या सूत्रानुसार रंग मिसळणे म्हणजे मूळ रंगाची जुळणी. ती पूर्ण मोटार रंगवताना लागते, तशीच एखादा दरवाजा किंवा मडगार्ड दुरुस्त करतानाही लागते. दुसरे काम अधिक अवघड. तिथे नवा रंग जुन्याला खेटून असतो आणि शेजारच्या दोन पत्र्यांमधला बारीकसा फरकही डोळ्यांना चटकन जाणवतो.

शोधाची सुरुवात बहुधा कलर कोडपासून, म्हणजे कारखान्याने रंगाला दिलेल्या संकेतांकापासून होते. अनेक अमेरिकी मोटारींत तो इंजिनाच्या मागच्या भिंतीवरील पट्टीवर कोरलेला असतो. फोक्सवॅगन बीटलचे कोड ‘एल’ अक्षराने सुरू होतात. एल ४१ म्हणजे काळा. मर्सिडीज-बेंझचा डीबी ०५० म्हणजे पांढरा. मात्र कोडवर डोळे मिटून विसंबता येत नाही. एकाच कोडचा रंग वेगवेगळ्या पुरवठादारांकडून, वेगवेगळ्या घाण्यांतून येत असे आणि त्यात थोडाफार फरक पडत असे. म्हणूनच रंग कंपन्यांकडे एका कोडखाली अनेकदा दोन-तीन पर्यायी सूत्रे सापडतात. रंगाच्या नावावर तर त्याहूनही कमी भरवसा ठेवावा. आयर्लंडमध्ये १९०३ साली झालेल्या गॉर्डन बेनेट शर्यतीत ब्रिटिश मोटारी हिरव्या होत्या आणि पुढे ‘ब्रिटिश रेसिंग ग्रीन’ हे नाव रूढ झाले. पण त्या नावाची एकच ठरलेली छटा कधीच नव्हती. प्रत्येक कारखान्याचा हिरवा वेगळा होता.

मोटार कोणत्या काळातली आहे, हे कळले की रंग कशाचा बनला असेल याचा अंदाज येतो. सुरुवातीच्या मोटारींवर तेलाधारित वॉर्निशचे थर चढवत आणि ते वाळायला आठवडे जात. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळे. ड्यूपाँ कंपनीने १९२३ मध्ये आणलेल्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्यूलोज लॅकरमुळे हे काम तासांवर आले, आणि जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलंड मोटारी निळ्या ड्यूकोत रंगून बाजारात उतरल्या. पुढे अल्किड एनॅमल आले, १९५० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅक्रिलिक लॅकर आले, आणि १९८० च्या दशकात रंगाच्या थरावर पारदर्शक थर देण्याची बेसकोट-क्लिअरकोट पद्धत सर्वत्र पसरली. रंगद्रव्य धरून ठेवणारे हे माध्यम बदलले की दिसणेही बदलते. नायट्रोसेल्यूलोज काळाबरोबर पिवळसर होते, त्यामुळे जुना पांढरा आज मलईसारखा दिसला तरी तो मुळात तसा असेलच असे नाही.

खरी गुंतागुंत रंगद्रव्यांची आहे. थॅलोसायनिन निळा १९३५ मध्ये बाजारात आला. त्याआधीच्या मोटारींचे निळे रंग प्रशियन ब्ल्यू किंवा अल्ट्रामरीनवर बेतलेले असत. क्विनॅक्रिडोन लाल १९५८ नंतरचा. पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाची क्रोमेट द्रव्ये सर्रास वापरली जात. ती विषारी असल्याने आता टाळली जातात आणि त्यांच्या जागी सेंद्रिय रंगद्रव्ये आली आहेत. त्यामुळे जुन्या पिवळ्याचे आजचे सूत्र वेगळ्या घटकांतून तोच परिणाम साधू पाहते. अशा वेळी रंग उन्हात अचूक जुळतो आणि दिव्याखाली फारकत घेतो. याला मेटामेरिझम म्हणतात. नमुना निदान दोन प्रकारच्या प्रकाशांत तपासल्याखेरीज सूत्र कायम करू नये, ते यासाठीच.

मूळ नमुना गाडीवरच शोधावा लागतो. बॉनेट आणि छत उन्हाने करपलेले असते, तेव्हा त्यांचा उपयोग नाही. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, दरवाजाच्या रबराखाली, क्रोमपट्टीच्या मागे, डिकीच्या अस्तराआड ऊन न लागलेला रंग राहिलेला असतो. तो आधी हलक्या हाताने पॉलिश करून घ्यावा, कारण पृष्ठभाग मळलेला किंवा भुरकटलेला असला तर मोजणी चुकते. एखाद्या जागी उतरते घासले की थर कडेकडेने उघडे पडतात आणि वरचा रंग नंतरचा आहे का, प्रायमरला (रंगाखालच्या अस्तराला) लागून असलेला पहिला रंग कोणता, हे समजते. या कामात घाई करणारे लोक मागच्या मालकाचा रंग मूळ समजून बसतात.

नमुना मिळाला की स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्राने तो मोजतात. मोजमाप रंग आकड्यांत सांगणाऱ्या १९७६ च्या सीआयई-लॅब पद्धतीत मांडले जाते आणि दोन रंगांतले अंतर ‘डेल्टा ई’ या आकड्यात सांगतात. ते १ च्या आसपास असेल तर बहुतेकांना फरक जेमतेम दिसतो. यंत्र चांगली सुरुवात करून देते, पण शेवटचा निर्णय सरावलेल्या डोळ्यांवर सोडावा. मिसळणी वजनाने, ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजून होते. टिंटर, म्हणजे मिसळायचे मूळ रंग, आधी नीट ढवळावे लागतात, नाहीतर तळाशी बसलेले रंगद्रव्य डब्यातच राहते. गडद किंवा जोरकस टिंटर थेंबाथेंबाने घालावा. जास्त पडलेला काळा परत काढता येत नाही. ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नये. नमुनापट्टीवर फवारून, पूर्ण वाळवून, क्लिअरकोट देणार असल्यास तोही देऊन मगच तुलना करावी.

मेटॅलिक रंगांत सूत्र बरोबर असूनही जुळणी फसू शकते. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण समोरून चमकतात आणि तिरक्या कोनातून गडद होतात. जुन्या रंगांतले कण बरेचदा वेड्यावाकड्या कडांचे असत, तर आजचे अनेक कण गोल आणि गुळगुळीत असतात, म्हणून चमकेचा पोतही वेगळा पडतो. शिवाय ओलसर फवारला तर रंग गडद, कोरडा फवारला तर उजळ दिसतो. म्हणजे थिनर, हवेचा दाब आणि हाताचा वेग हेदेखील सूत्राचाच भाग ठरतात.

साध्या, मेटॅलिक नसलेल्या रंगाच्या जुन्या मोटारीवर बेसकोट-क्लिअरकोटऐवजी एकथरी रंग द्यावा. काचेसारखा जाड पारदर्शक थर त्या काळच्या पत्र्यावर उपरा वाटतो. आजच्या टिकाऊ दोन-घटकी रंगांतील हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या घटकात, आयसोसायनेट हे रसायन असते आणि ते फुप्फुसांना घातक आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि योग्य बूथ असल्याशिवाय ते फवारू नयेत.

मूळ रंग बराचसा शाबूत असेल, तर मोटार पुन्हा रंगवावी का हा प्रश्न आधी येतो. ऐतिहासिक मोटारींच्या ‘फिव्हा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची ट्युरिन सनद जतनाला प्राधान्य देते, आणि ते योग्यच आहे; पुन्हा रंगवल्यावर मूळ थराचा पुरावा नाहीसा होतो. रंगवणे अटळ असेल तेव्हा एखाद्या आडजागेचा जुना रंग तसाच ठेवतात, आणि अंतिम सूत्र, रंगाची मालिका, नोझलचा आकार, थरांची संख्या व फवारलेली पट्टी मोटारीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवतात. दहा वर्षांनी मडगार्डला खरचटले तर पुढच्या रंगाऱ्याला तिथूनच काम सुरू करता येते.