मोबाईललाही ऊन लागते

रोहिणी नक्षत्र साधारण २५ मेला लागते आणि नवतपा सुरू होतो. नागपूरकर तेव्हा डोक्याला दुपट्टा गुंडाळतात, पन्हे पितात, कुणी खिशात कांदाही ठेवतो. त्याच खिशात वीस-पंचवीस हजारांचा फोन असतो. त्याची सावली कुणी बघत नाही.

आयफोन वापरताना भोवतालची हवा ० ते ३५ अंश सेल्सिअस असावी, असे अ‍ॅपल सांगते. बंद फोन ठेवण्याची मर्यादा ४५ अंश. इतर कंपन्यांचे फोनही याच सुमाराच्या तापमानासाठी बनतात. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. वर्धा रोडवर स्कूटीच्या हँडलला अडकवलेला, नकाशा चालू असलेला काळा फोन त्याहून कितीतरी जास्त तापतो, कारण त्याला बाहेरून ऊन आणि आतून स्वतःचा प्रोसेसर असे दोन्हीकडून भाजत असतात.

उपकरण विकत घेताना आपण दहा दुकाने फिरतो, पण ते तीन वर्षे चालणार की सहा, हे बरेचसे घरी आणल्यानंतर ठरते. विदर्भात त्यातला सगळ्यात मोठा वाटा उष्णतेचा आहे. म्हणून इथे उष्णतेचाच हिशोब मांडतो.

फोनच्या लिथियम-आयन बॅटरीत एक बाजू ग्रॅफाइटची असते. पहिल्या चार्जिंगच्या वेळीच तिच्यावर एक अतिशय पातळ थर बसतो. हा थर हवाच, कारण तोच आतल्या द्रावणाचे ग्रॅफाइटपासून रक्षण करतो. अडचण ही की तो वाढायचा थांबत नाही. वाढताना तो लिथियम गिळतो, आणि जे लिथियम त्यात अडकले ते पुन्हा वीज वाहायला येत नाही. सकाळी १०० टक्के दाखवणारी बॅटरी दुपारी तीनलाच मान टाकते, ती यामुळे. या थराची वाढ दोन गोष्टी भडकवतात: उष्णता आणि भरलेली अवस्था. बॅटरीच्या अभ्यासात नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे असे आहेत. ४० टक्के चार्ज असलेली बॅटरी २५ अंशांवर वर्षभर नुसती पडून राहिली, तर तिची सुमारे ९६ टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून ४० अंशांवर ठेवली, तर जेमतेम ६५ टक्के. नव्या रचनेच्या बॅटऱ्या यापेक्षा तग धरतात, पण कल तोच. थोडक्यात, गरम आणि गच्च भरलेली बॅटरी न वापरताही झिजते.

म्हणून पहिले काम सेटिंगमध्ये. आयफोन १५ पासून पुढच्या फोनांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येते. बहुतेक नव्या अँड्रॉइड फोनांतही बॅटरीच्या पानावर ‘बॅटरी प्रोटेक्शन’ किंवा अशाच नावाची सोय आहे. ती चालू करा. प्रवासाला निघायच्या दिवशी पूर्ण भरा, हरकत नाही. महिन्यातून एकदा फोन शून्यावर नेण्याची सवय ही जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातली. लिथियमला तिचा उपयोग नाही, उलट त्रासच.

दुसरे काम, चार्जिंगची जागा बदलणे. गादीवर, उशीखाली, जाड कव्हरसकट फोन चार्जला लावला की उष्णतेला बाहेर जायला वाट नसते. कव्हर काढा आणि फोन फरशीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवा. फास्ट चार्जिंगचे गणितही समजून घ्यावे. एकाच तारेतून दुप्पट विद्युतप्रवाह नेला तर उष्णता चौपट होते. फोन बनवणारे बॅटरीच्या एका पेशीऐवजी (सेल) दोन पेशी वापरून, व्होल्टेज वाढवून हा ताप आवरतात, तरी उरतो तो उरतोच. दुपारी दोनला, वीज जाऊन खोली ३९ अंशांवर असताना पॉवर बँकेने जलद चार्ज करणे टाळा; रात्री साध्या चार्जरवर हळू भरा. चार्जिंगला लावून गेम खेळणे मे महिन्यात तरी नकोच.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर जातो. तिथे फोन, पॉवर बँक किंवा ब्लूटूथ स्पीकर ठेवू नये. फोन तापून बंद पडलाच तर कव्हर काढून पंख्याखाली ठेवा. काही जण तो फ्रिजमध्ये ठेवतात. असे करू नका. थंडगार फोन बाहेर काढला की हवेतली वाफ त्याच्या आत-बाहेर दवासारखी जमते, आणि कूलर चालू असलेल्या दमट खोलीत तर लगेच. मागचे झाकण उचललेले दिसले किंवा स्क्रीन कडेने वर आली, तर बॅटरीत वायू धरला आहे. चार्जिंग तिथेच थांबवायचे, दाबायचे नाही, टोचायचे नाही आणि ती बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. ई-कचरा संकलनाकडे द्यायची.

बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की तिचा अंतर्गत रोधही, म्हणजे विजेला आतूनच होणारा अडथळा, वाढलेला असतो. कॅमेरा उघडताच जास्त प्रवाह लागतो, व्होल्टेज खाली बसते आणि २० टक्के दाखवत असतानाच फोन बंद होतो. लोक इथे नवा फोन घेतात. माझ्या मते फोनला सुरक्षेचे अपडेट अजून मिळत असतील, तर नवी बॅटरी हीच त्याच्यावर करण्याजोगी सर्वांत फायद्याची खरेदी आहे. सीताबर्डीत बॅटरी बदलून देणारी दुकाने भरपूर आहेत; प्रश्न माल ओळखण्याचा. बॅटरीवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि त्याखाली नोंदणी क्रमांक छापलेला असावा. मूळ बॅटरी ५००० एमएएचची असताना त्याच आकाराची बॅटरी ६५०० ची सांगितली, तर घेऊ नका. तेवढ्या जागेत ती मावत नाही. डोळ्यांसमोर बदलून घ्या, जुनी बॅटरी बघा, आणि झाकणाचा डिंक-सील नवा लावायला सांगा. सील उघडल्यावर फोनचे पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीसारखे राहिले असे धरू नये. पहिल्याच पावसात ते कळते.

वायफाय राउटरची गोष्ट वेगळी. त्यात बहुधा बॅटरी नसते, पण त्याच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, म्हणजे द्रावण भरलेले छोटे नळकांडे. उष्णतेने ते द्रावण आटते. कपॅसिटरच्या अंगावर १०५ अंश असे छापलेले असते, आणि त्या तापमानावर साधारण २००० तास अशी त्याची हमी असते. तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य अंदाजे दुप्पट, हा इलेक्ट्रॉनिक्समधला रूढ नियम. आतले तापमान ७५ अंश असेल तर १६,००० तास. राउटर वर्षाला ८,७६० तास चालू असतो, म्हणजे पावणेदोन-दोन वर्षे. तेच ६५ अंशांवर आणले तर ३२,००० तास, साडेतीन वर्षांहून जास्त. दहा अंशांचा हा फरक पाडायला फार काही लागत नाही. राउटर सेट-टॉप बॉक्सवरून उचला, टीव्हीच्या बंद कपाटातून बाहेर काढा, जाळीच्या बाजू मोकळ्या ठेवा, आणि पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर लावू नका.

राउटर अधूनमधून आपोआप बंद-चालू होत असेल, तर फेकण्याआधी अ‍ॅडॉप्टर बदलून पहा. बहुतेकदा बिघाड तिथेच असतो. नव्या अ‍ॅडॉप्टरचे व्होल्ट जुन्याइतकेच हवेत (बहुधा १२), अँपिअर तितके किंवा जास्त चालतील, आणि पिनमधली धन-ऋण बाजू जुन्यावरच्या चिन्हाशी जुळली पाहिजे. व्होल्ट चुकले तर राउटरही जातो.

इन्व्हर्टरची बॅटरी घरातले सर्वांत दुर्लक्षित आणि बऱ्यापैकी महाग उपकरण. ती शिसे-आम्लाची. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. पुष्कळ घरांत ती गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये असते, म्हणजे नागपुरात असू शकेल त्या सर्वांत वाईट जागी. जिन्याखालची हवेशीर जागा उत्तम. कपाटात बंद करायची नाही, कारण चार्ज होताना पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन निघतो. गरम बॅटरीला कमी व्होल्टेज पुरते: २५ अंशांवर १३.६ व्होल्ट योग्य असतील, तर ४० अंशांवर सुमारे १३.३. तापमानाप्रमाणे हे आपोआप कमी करणारा इन्व्हर्टर नसेल, तर उन्हाळ्यात बॅटरी जास्त चार्ज होते आणि पाणी भराभर उडते. म्हणून एरवी दोन-तीन महिन्यांनी बघायची पातळी एप्रिल ते जूनमध्ये दर महिन्याला बघा.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचे नाही, एसीच्या नळीतले नाही, आणि अ‍ॅसिड तर मुळीच नाही. उडते ते पाणी, आम्ल आतच राहते. पाणी पूर्ण चार्ज झाल्यावर, वरच्या खुणेपर्यंतच घाला. आधी घातले तर चार्जिंगमध्ये फुगून बाहेर येते. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तेवढ्यापुरते त्या बुडतील इतके आधी घाला. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर इन्व्हर्टर बंद करून आधी ऋण तार सोडा, मग धन. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ब्रशने घासा. पेशींची झाकणे घट्ट बंद हवीत, सोडा आत गेला तर आम्ल मरते. कोरडे पुसा, तारा घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. हायड्रोमीटर, म्हणजे द्रावण पाण्याच्या किती पट जड आहे हे दाखवणारी नळी, स्वस्तात मिळतो. पूर्ण चार्ज झालेल्या ट्यूब्युलर (नळीदार प्लेटांच्या) बॅटरीत २७ अंशांवर वाचन १.२४ ते १.२५ यावे. द्रावण ४२ अंशांवर असेल तर वाचनात ०.०१ मिळवा. सहापैकी एका पेशीचे वाचन इतरांपेक्षा ०.०३ ने कमी असेल, तर दोष त्या पेशीत आहे, इन्व्हर्टरमध्ये नाही.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांच्या मध्ये धुळीचा नमदा बसतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही. मागचे झाकण उघडा, सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मग नमदा चिमट्याने उचला. पाती मोकळी ठेवून जोराची हवा मारली तर बेअरिंग खराब होते. तीन-चार वर्षे जुन्या लॅपटॉपची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पत्र्यांकडे पोचवणारा लेप, वाळलेली असते, तीही त्याच वेळी बदलून घ्यावी.

या सगळ्यांना थंड ठेवणारे नागपुरी यंत्र म्हणजे कूलर. हवा ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर पाणी उडवून ती जास्तीत जास्त २५ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगली ताटी (बाजूला लावलेली, पाण्याने भिजणारी गादी) असलेला कूलर २९-३० पर्यंत नेतो. खिडकी मात्र उघडी हवी, नाहीतर वाफ खोलीत साठते आणि थंडावा संपतो. टीव्ही, लॅपटॉप कूलरच्या सरळ झोतात ठेवू नका. ताटीतून सुटणारे बारीक तुषार क्षार घेऊन येतात आणि सर्किटवर पांढरे डाग सोडतात. पाणी उडते, क्षार टाकीतच राहतात. ५० लिटरची टाकी दिवसाला दोनदा संपत असेल, तर आठवड्याला चौदा टाक्यांचे क्षार त्या एका टाकीत आणि ताटीवर जमतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. डासांच्या अळ्याही त्यातच जातात. टाकी कोरडी पडू देऊ नका, कारण पंपाला थंड ठेवणारे पाणी तेच.

मृग लागून हवा दमट झाली की कूलर थंडावा देत नाही. तेव्हा पंप काढून स्वच्छ पाण्याच्या बादलीत पाच मिनिटे चालवा, त्याची जाळी धुवा, ताट्या झटकून उन्हात कडक वाळवा आणि टाकीचे बूच उघडेच ठेवून कूलर झाका.