महाग मासा दुर्मीळ असतोच असे नाही

पिवळा टँग हा शोभेचा मासा महागला म्हणजे तो समुद्रातून नाहीसा होत आहे, हा कोल्हापुरातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांच्या हौशी मंडळींमध्ये रुजलेला समज चुकीचा आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांच्या प्रवाळखडकांवर हा मासा विपुल आहे. मात्र २०१७ मधील न्यायालयीन निर्णयानंतर तेथील मासे पकडण्याचे परवाने अडले, २०२१ च्या आरंभी व्यावसायिक पकड थांबली आणि पुरवठा आटल्याने भाव चढले. बंदिस्त पाण्यातील पैदास २०१५ मध्ये साधली असली, तरी सूक्ष्म पिल्लांचे संगोपन दीर्घ व खर्चिक असते. याउलट, इंडोनेशियातील बांगाई बेटांचा मूळ रहिवासी असलेला, तुलनेने स्वस्त बांगाई कार्डिनल मासा २००७ पासून संकटग्रस्त मानला जातो, आणि खरी काळजी त्याचीच वाटते. त्याची पैदास मत्स्यालयात सहज होते. म्हणून विकत घेताना समुद्रातून पकडलेला नव्हे, तर पैदाशीचाच मासा मागावा.