गटनिहाय लॉगिन नियंत्रण (लिनक्स सर्व्हर)

संस्थेतील सर्वांची खाती मध्यवर्ती डिरेक्टरीत (खाती व गटांच्या सामाईक नोंदवहीत) ठेवून, त्यांपैकी ठरावीक गटांच्या सभासदांनाच एखाद्या लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करू देण्याची पद्धत. डिरेक्टरी म्हणून ओपनएलडॅप, फ्रीआयपीए किंवा मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी वापरतात.

सर्व्हर डिरेक्टरीला जोडला की तिच्यातले प्रत्येक खाते त्या सर्व्हरच्याही ओळखीचे होते. वेगळी अट घातली नाही, तर हिशेब विभागातला कर्मचारीही डेटाबेसच्या सर्व्हरवर स्वतःच्या पासवर्डने शिरू शकतो. डिरेक्टरीशी बोलणाऱ्या एसएसएसडी या सेवेत प्रवेशाचा नियम लिहिलाच नाही, तर 'परमिट' म्हणजे सर्वांना मुभा हा पर्याय लागू होतो.

लॉगिनचा निर्णय पॅम या व्यवस्थेतून होतो. तिची कल्पना सन मायक्रोसिस्टिम्समधून 1995 मध्ये पुढे आली. तिच्या चार टप्प्यांपैकी 'ऑथ' हा टप्पा माणूस कोण हे तपासतो, तर 'अकाउंट' हा टप्पा त्याला इथे येण्याची मुभा आहे का हे पाहतो. गटाची अट दुसऱ्या टप्प्यात घालणे महत्त्वाचे आहे, कारण एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करण्याची सेवा) वापरून पासवर्डऐवजी किल्लीच्या फाइलने येणारा वापरकर्ता पॅमच्या 'ऑथ' टप्प्यातून जातच नाही. एसएसएच सर्व्हरमध्ये पॅम चालू असेल, तर 'अकाउंट' मात्र त्यालाही चुकत नाही. अट फक्त पहिल्या टप्प्यात असेल, तर पासवर्डवाले अडतात आणि किल्लीवाले निघून जातात.

अट लिहिण्याच्या जागा अनेक आहेत. एसएसएच सर्व्हरच्या संरचनेत 'अलाउग्रुप्स'पुढे गटांची नावे देणे सर्वांत सोपे. पण ते फक्त एसएसएचपुरते चालते, कन्सोलवरून, म्हणजे थेट यंत्रावरून, येणाऱ्याला अडवत नाही. एसएसएसडीच्या 'सिंपल' प्रकारात परवानगी असलेल्या गटांची यादी देता येते, तर 'एलडॅप' प्रकारात शोधाची गाळणी, म्हणजे डिरेक्टरीतल्या कोणत्या नोंदी चालतील याची अट, लिहितात. ही गाळणी रिकामी ठेवली, तर कोणालाच प्रवेश मिळत नाही. पॅमच्या 'अ‍ॅक्सेस' मॉड्यूलची फाइल वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ निर्णय देते. म्हणून 'सर्वांना मनाई' ही ओळ शेवटी आणि रूटला (सर्व अधिकार असलेल्या खात्याला) मुभा देणारी तिच्या आधी हवी. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत क्रॉन (ठरल्या वेळी कामे चालवणारी सेवा) हेही 'अकाउंट' टप्प्यातून जाते, त्यामुळे रूटची ओळ विसरल्यास रात्रीची बॅकअपची कामे मुकाट्याने थांबतात. फ्रीआयपीएमध्ये सर्व सर्व्हरांचे नियम एकाच ठिकाणी असतात. सर्व्हर बरेच असतील, तर हीच व्यवस्था सोयीची. तिथे सुरुवातीपासून असलेला 'सर्वांना मुभा' हा नियम बंद केल्याशिवाय बाकीच्या नियमांना अर्थ नसतो.

प्रत्यक्षात अडचण बहुधा सभासदत्वाच्या नोंदीत निघते. नोंदींचा आराखडा ठरवणाऱ्या 1998 च्या आरएफसी 2307 या तांत्रिक दस्तऐवजानुसार गटाच्या नोंदीत सभासदाचे नुसते लॉगिन नाव असते. नंतरच्या सुधारित आराखड्यात आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत त्याच्या नोंदीचा संपूर्ण पत्ता असतो. एसएसएसडीला चुकीचा आराखडा सांगितला, तर गट दिसतो, पण रिकामा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत गटातल्या गटाचे सभासद साध्या 'मेंबरऑफ' (व्यक्तीच्या नोंदीतली तिच्या गटांची यादी) गाळणीत सापडत नाहीत, आणि वापरकर्त्याचा प्राथमिक गटही त्या यादीत नसतो. म्हणून अट घालण्यापूर्वी 'आयडी' आज्ञेने सर्व्हरला त्या व्यक्तीचे कोणते गट दिसतात ते पाहावे, आणि बदल करताना रूटचे एक सत्र उघडे ठेवावे.

गटातून नाव काढल्याने आधीपासून चालू असलेले सत्र तुटत नाही. ते वेगळे बंद करावे लागते. डिरेक्टरीशी संपर्क तुटलेला असेल, तर एसएसएसडीची गाळणी त्या व्यक्तीच्या शेवटच्या ऑनलाइन लॉगिनला मिळालेलाच निर्णय पुन्हा लावते.