बोअरचं पाणी फ्लोराइडसाठी तपासायला आणताना

पाणी नितळ, चवीला गोड, मीटर बुडवला तर टीडीएसही (विरघळलेले एकूण क्षार) कमी. मग पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे कशाचे? पांढरकवडा, झरी जामणी भागातून हाच प्रश्न घेऊन लोक येतात. हे पट्टे पाण्यातल्या जास्त फ्लोराइडचे असू शकतात. फ्लोराइडला रंग, वास, चव नसते आणि टीडीएस मीटर ते वेगळं दाखवत नाही. पाणी उकळूनही ते जात नाही; वाफ उडाल्यावर उरलेल्या पाण्यात प्रमाण उलट वाढतं.

तुमचा आणि आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो चुकीच्या नमुन्यामुळे. बोअरचं पाणी म्हणून बाटली येते, पण ती भरलेली असते माठातून नाहीतर घरच्या टाकीतून. त्या टाकीत सकाळीच नळयोजनेचं पाणी पडलेलं असतं. अहवालात फ्लोराइड लिटरला ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आत येतं, घरचे निर्धास्त होतात आणि लेकरं वावरात, शाळेतून आल्यावर बोअरचंच पाणी पीत राहतात. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च. हे बघून आम्हाला खरंच वाईट वाटतं.

म्हणून नमुना थेट बोअरच्या तोंडाशी घ्या. मोटर किंवा हापशी आधी १० मिनिटं चालवा, पाइपात साचलेलं पाणी निघून जाऊ द्या. स्वच्छ प्लास्टिकची १ लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. काचेची बाटली या चाचणीला चालत नाही. फवारणीच्या औषधाची बाटली कितीही धुतली असली तरी आम्ही घेत नाही. लाइन रात्री येत असेल तर रात्री भरा, सकाळी आणा. फ्लोराइड उडून जात नाही. विहीर आणि बोअर दोन्हींचं पाणी पीत असाल तर दोन बाटल्या आणा, दोन्ही पाणी एकत्र करू नका. बाटलीवर गाव, नाव आणि बोअरची खोली लिहा.

“किटवर पाच मिनिटांत सांगतात, तुम्हाला दिवस का लागतो?” असं विचारतात. भारतीय मानकात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे; पाण्याचा दुसरा स्रोत नसेल तरच १.५. किटच्या रंगावरून १.३ की १.८ हे खात्रीने सांगता येत नाही, आणि निर्णय तर नेमका तिथेच असतो. आम्ही फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर दोनदा मोजतो. सोबत क्षारताही मोजतो, कारण तुरटीने फ्लोराइड काढायच्या, नागपूरच्या नीरी संस्थेच्या नलगोंडा पद्धतीत तुरटी किती टाकायची ते फ्लोराइड आणि क्षारता बघूनच ठरतं. हंड्यात अंदाजाने तुरटी फिरवून भागत नाही.

फिल्टर आम्ही विकतो, पण अहवाल बघितल्याशिवाय देत नाही. उथळ विहिरीचं पाणी चांगलं निघालं तर तेच प्या, असं सांगतो. फिल्टर लागलाच तर तो पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यापुरता घ्या. आंघोळीला, धुण्याला बोअरचं पाणी चालतं. फ्लोराइड धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर हळूहळू भरत जातो आणि चवीवरून ते कळत नाही. आमच्याकडच्या फिल्टरमधून येणारं पाणी दर ३ महिन्यांनी मोफत तपासून देतो. दुसरीकडून घेतलेला असला तरी बाटली आणा, नेहमीच्या दरात तपासू.