माजी सदस्यांची यादी आणि तिच्याबाहेरची माणसं

हृदयविकार-प्रतिबंधावर काम करणाऱ्या संशोधन गटाच्या माजी सदस्यांची यादी कुठलीही घ्या, साचा ठरलेला असतो. आधी पीएच.डी. झालेले, मग पोस्ट-डॉक, मग प्रबंधापुरते आलेले एम.डी.चे विद्यार्थी, आणि प्रत्येक नावापुढे सध्याचा हुद्दा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, पन्हाळा, शिरोळच्या गावांत दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेणाऱ्या, उपाशीपोटी रक्त काढायला सकाळीच दारात उभ्या राहणाऱ्या, महिन्याला तेल किती लागतं हे खोदून विचारणाऱ्या माणसांचा तिथे पत्ता नसतो. यात मानापमान आहेच. पण खरी अडचण दहा-पंधरा वर्षांनी कुणी जुनी फाइल पाठपुराव्यासाठी उघडतो तेव्हा कळते.

लांबचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे: १९४८ चा अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावचा हृदयविकाराचा अभ्यास, त्यातले ५,२०९ लोक, १९६१ नंतर रूढ झालेली जोखीम घटकांची भाषा. आपल्याकडच्या कामाला जोर आला तो २००४ च्या ५२ देशांतल्या अभ्यासानंतर. नऊ घटकांवरून पहिल्या झटक्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपासचा उलगडा होतो, असं त्यात दिसलं. पुढच्या विश्लेषणात दक्षिण आशियातला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आणि इतरत्र ५९ च्या आसपास येतो, हेही पुढे आलं. त्यानंतर गावपातळीवरच्या मोजणीला प्रकल्पाचा पैसा मिळू लागला. प्रकल्प तीन ते पाच वर्षांचा, नेमणूक मात्र अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, मध्ये ब्रेक, मग नवी ऑर्डर. पुढचे सगळे घोळ या अकरा महिन्यांतून निघतात.

या माणसांच्या हातात नेमकं काय असतं ते पाहू. रक्तदाबाचंच घ्या. पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू नको, लघवी तुंबलेली नको. पट्ट्यातल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के हवी. घेर २७ ते ३४ सेंटिमीटर असेल तर मध्यम पट्टा, त्यावर मोठा. तालमीत कसलेल्या दंडाला मध्यम पट्टा बांधला की आकडा फुगतो, आणि धडधाकट पैलवान रक्तदाबाचा रोगी म्हणून नोंदला जातो. पाऱ्याच्या यंत्रावर नाडी लागेनाशी झाल्यावर आणखी ३० मिमी हवा भरायची, मग सेकंदाला २ मिमीने उतरवायची. तीन वेळा, मध्ये एकेक मिनिट सोडून. पहिला आकडा टाकून उरलेल्या दोघांची सरासरी. घाईने हवा सोडली की वरचा आकडा कमी भरतो आणि खालचा जास्त.

हे शिकवायला दोन जोडी कानांचा स्टेथोस्कोप लागतो. शिकवणारा आणि शिकणारा एकाच वेळी ऐकतात, एकमेकांना न दाखवता लिहितात. फरक ४ मिमीच्या वर वारंवार जाऊ लागला तर त्या माणसाला गावात पाठवत नाहीत. पाठवल्यावरही पिच्छा सोडायचा नसतो. पाऱ्याच्या पट्टीवर दर २ मिमीला रेघ, म्हणून शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकीच येतो आणि प्रत्येकाचा वाटा वीस टक्क्यांच्या आसपास असायला हवा. कुणाच्या नोंदींत शून्यं चाळीस टक्के निघाली तर तो आकडे गोल करतो आहे. १३८ चे १४० झाले की निरोगी माणूस रोगी ठरतो; असं शंभर घरांत झालं की गावाची टक्केवारीच सरकते. हे पकडायचं तर प्रत्येक नोंदीपुढे निरीक्षकाचा क्रमांक हवा, आणि तो क्रमांक कुणाचा हे कुठेतरी लिहिलेलं हवं. क्रमांक फाइलमध्ये बहुधा असतो, त्यामागचं नाव नसतं. कारण नावाची यादी म्हणजे माजी सदस्यांची यादी, आणि तिच्यात ही माणसं घेतलेलीच नाहीत.

यंत्र बदललं तेव्हा हे चांगलंच भोवलं. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर पारा हटवणं अटळ झालं आणि डिजिटल यंत्रं आली. ती कोरोटकॉफचे आवाज, म्हणजे हवा सोडताना स्टेथोस्कोपमध्ये येणारे ठोके, ऐकत नाहीत. पट्ट्यातल्या दाबाची कंपनं मोजतात आणि वरचा-खालचा आकडा बनवणाऱ्याच्या सूत्राने काढतात. सूत्र कंपनीगणिक वेगळं. नाडी अनियमित असेल तर आकड्याचा भरवसा आणखी कमी. म्हणून एकाच गावाची जुनी आणि नवी फेरी ताडून पाहायची तर कुठली नोंद कुठल्या यंत्राची हे माहीत हवं. यंत्राचा रकाना रिकामा असलेल्या फाइलींत एक उपाय चालतो: शेवटचे अंक पाहा. १, ३, ५, ७, ९ दिसू लागले की तिथपासून डिजिटल. पण हे ढोबळ झालं. गावात एकीकडे नवं यंत्र आणि दुसरीकडे बिघडल्यावर परत काढलेलं पाऱ्याचं यंत्र असं चाललं असेल, तर ते तिथे काम केलेल्यालाच सांगता येतं.

कमरेच्या घेराची गत तीच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजायचं, श्वास सहज सोडल्यावर, टेप जमिनीला समांतर. बेंबीवर मोजलं तर दुसराच आकडा येतो. नऊवारीच्या ओच्यावरून किंवा परकराच्या नाडीवरून टेप फिरवला तर दोन-तीन सेंटिमीटर सहज वाढतात, आणि आपल्याकडे बायकांसाठी मर्यादा ८० सेंटिमीटरची आहे. मोजणारी बाई असेल आणि आतली खोली मिळाली असेल तरच हे नीट होतं. कुठल्या फेरीत बाई होती हे छापील कार्यपद्धतीत सापडत नाही.

प्रश्नावलीत तर फॉर्म आणि गाव यांची सारखी झटापट चालते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला बाई ‘न्हाई’ म्हणते. ‘मिश्री लावता का?’ विचारलं की ‘व्हय’. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ज्यांनी दुसरा प्रश्न आपण होऊन घातला त्यांच्या गावात बायकांचं तंबाखूचं प्रमाण जास्त भरतं, आणि कागद वाचणाऱ्याला तो गावांमधला फरक वाटतो. मिठाचं तसंच. वरून किती मीठ घेता, भाजीत किती घालता, हे फॉर्ममध्ये असतं. उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवलेली कांदा-लसूण चटणी नसते. तिच्यात मीठ घातलेलं असतं आणि ती भाजीत, आमटीत, भाकरीबरोबर रोज पोटात जाते. चोवीस तासांची लघवी गोळा करून सोडियम मोजणं हा खरा उपाय, पण दिवसभर रानात असणाऱ्या माणसाकडून कॅन पूर्ण भरून आणणं किती कठीण, हे आणणाऱ्यांनाच ठाऊक. आहाराची चौकशी श्रावणात झाली की आखाडात, याने मटणाचा रकाना बदलतो तो वेगळाच.

रक्ताच्या नमुन्यांचा हिशेब तंत्रज्ञाकडे. फ्लोराइड (साखर टिकवून धरणारं द्रव्य) नसलेल्या नळीत रक्त तसंच ठेवलं तर साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरते. शाहूवाडीच्या टोकावरून शहरात यायला दोन तास लागले तर मधुमेही माणूस काठावरचा होतो. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) बहुतेक जुन्या फाइलींत मोजलेलं नसतं, १९७२ च्या सूत्राने काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा, ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की सूत्र गडगडतं, आणि आपल्याकडे ते वाढलेले लोक कमी नाहीत. त्यातून पहाटे धारा काढून दूध संस्थेत घातल्यावर घोटभर चहा न पिता येणारा शेतकरी विरळा. ‘उपाशी’ या रकान्यातली खूण कुणी विचारून केली आणि कुणी सवयीने, हे नमुना घेणाऱ्यावर अवलंबून. ईसीजी थर्मल कागदावर असतील तर काही वर्षांत रेघा पुसट होतात. वेळीच झेरॉक्स काढलेल्याच वाचता येतात.

आता वादाचा मुद्दा. यादीत कुणाला घ्यायचं यासाठी सर्रास वापरला जाणारा निकष म्हणजे ‘सलग बारा महिने काम’. कागदावर तो निःपक्षपाती दिसतो. पण अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरचा माणूस सलग बारा महिने कधीच पुरे करू शकत नाही. पाच वर्षं राबला तरी त्याची नोंद अकरा-अकरा महिन्यांच्या तुकड्यांची. उलट फेलोशिपवरचा विद्यार्थी पहिल्याच वर्षाअखेरीस पात्र. हा निकष लावणाऱ्यांना हे कळत नसेल असं मानणं कठीण आहे.

दुसरी बाजू अगदीच पोकळ नाही. यादी अनुदानाच्या अर्जाला आणि तपासणीला जोडली जाते. तिथे ‘किती मनुष्यबळ घडवलं’ हे विचारतात आणि उत्तरात पदव्या मोजल्या जातात. शिवाय संशोधनाच्या जगात लेखकत्वाचे नियम कडक आहेत. १९७८ मध्ये व्हँकुव्हरला जमलेल्या संपादकांपासून ती परंपरा सुरू झाली, २०१३ मध्ये लेखकत्वासाठी जबाबदारी घेण्याची चौथी अटही आली. नुसती माहिती गोळा केली म्हणून लेखकत्व मिळत नाही, आभारात उल्लेख पुरतो. यादीतही तोच न्याय लावला तर त्यात विसंगती नाही, असं हा पक्ष म्हणतो. पण आभारात वैयक्तिक नावं फार क्वचित येतात. ‘सर्व क्षेत्र कर्मचारी’ एवढ्यात आटोपतं. लेखक नाहीत म्हणून शोधनिबंधावर नाव नाही, सलग नाहीत म्हणून यादीत नाव नाही, आणि शेवटी निरीक्षक क्रमांक ७ कोण हे सांगणारा एकही कागद उरत नाही. लेखकत्वाचा नियम श्रेयासाठी आहे. मोजमाप कुणी केलं याची नोंद ठेवू नका असं तो कुठेही सांगत नाही.

मधला मार्ग काही ठिकाणी वापरतात आणि तो स्वस्त आहे. जाहीर यादी हवी तशी ठेवा, पण डेटाबरोबर एक वेगळं रजिस्टर ठेवा: निरीक्षक क्रमांक, नाव, प्रत्येक ऑर्डरच्या सुरुवातीची आणि शेवटची तारीख, यंत्राचा क्रमांक आणि शेवटच्या तपासणीची तारीख, वापरलेले पट्टे, प्रशिक्षणातल्या चाचणीचा निकाल, गावं. माणूस सोडून जाताना अर्धा दिवस बसवून शेरे लिहून घ्यायचे: कुठल्या वाडीत फॉर्म कसा विचारला, कुठे पट्टा अपुरा पडला. हा अर्धा दिवस बहुतेक वेळा मिळत नाही, कारण ऑर्डर संपते त्या दिवशी माणसाचं लक्ष पुढच्या नोकरीकडे असतं आणि वरिष्ठांचं पुढच्या प्रकल्पाकडे.

पुढची नोकरी कुठे मिळते, हे गेल्या दहा-बारा वर्षांत बरंच बदललं. राज्याच्या आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसली, २०१७ च्या फेब्रुवारीत औषधवेष्टित स्टेंटची (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीची) कमाल किंमत ३०,००० रुपयांच्या आत आणली गेली. अँजिओप्लास्टी जिथे होते त्या कॅथ लॅबला तंत्रज्ञ हवे होते. प्रतिबंधाच्या कामात ईसीजी शिकलेली मुलं तिकडे गेली. त्याच वर्षी सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमात जवळपासचे सातारा आणि सिंधुदुर्ग घेतले गेले, कोल्हापूर सुरुवातीला नव्हतं. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची पदं निघाली आणि नर्सिंग झालेल्यांना तिथे जागा मिळाली. तीन वेळा मोजून पहिला आकडा टाकण्याची सवय घेऊन गेलेल्या या मंडळींना ओपीडीच्या रांगेत एकदाच पट्टा बांधावा लागतो. तीसच्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी हे सरकारी उद्दिष्ट आहे, पण आकडा कसा घेतला हे त्या नोंदीत येत नाही.

पाठपुराव्यासाठी ही माणसं लागतात याचं आणखी एक कारण निव्वळ ओळखीचं. एका गावात एकाच नावाचे तीन-चार पाटील, फॉर्मवर वय अंदाजे, घर नंबर बदललेला. लोक टोपणनावाने ओळखले जातात आणि ते फॉर्मवर नसतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या आणि २०२१ च्या जुलैमधल्या पुराने शिरोळ आणि करवीरमधली नदीकाठची घरं हलली, मध्ये २०२० ची टाळेबंदी येऊन गेली. कोण कुठल्या माळावर राहायला गेला, कोण लेकीकडे इचलकरंजीला, हे सहसा पूर्वी त्या दारात बसून नोंदी लिहिलेल्या बाईलाच माहीत असतं.

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर यादीला नवा पेच आला आहे. नाव, गाव आणि वर्ष एकत्र छापलं की लहान गावात मोजणारी कोण होती हे सगळ्यांना कळतं, आणि पर्यायाने कुठल्या घरांत मोजलं हेही. काही माजी कर्मचारी आता खाजगी रुग्णालयांत आहेत आणि जुन्या कंत्राटाचा उल्लेख त्यांना नको असतो. म्हणून जाहीर यादीसाठी लेखी संमती घ्यायची, नाव द्यायचं पण गाव द्यायचं नाही, आणि रजिस्टर मात्र नीतिसमितीच्या परवानगीने कुलपात ठेवायचं, अशी रीत आहे. ज्यांचे पत्ते आणि फोन बदलले त्यांची संमती कशी मिळवायची यावर एकमत नाही. तोवर अशा नोंदी क्रमांकानेच राहतात.