सांगितलेली सवय आणि दिसलेली सवय

एखादी व्यक्ती आपल्या डिजिटल सवयींबाबत किती मोकळी आहे, याचा अंदाज आपण बहुधा तिच्या फोनवरून इतरांना काय दिसते यावरून बांधतो. व्हॉट्सॲपवरचा लास्ट सीन, म्हणजे आपण शेवटचे कधी ऑनलाइन होतो ती वेळ, बंद ठेवणारा माणूस काहीतरी लपवतो आणि सुरू ठेवणारा मनमोकळा असतो, हा समज त्यातूनच पक्का होतो. माझ्या मते सवय सांगणे आणि सवय दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी एकच मानल्यामुळे ही गल्लत होते, आणि तिच्यामुळे माणसांवर अन्याय होतो.

झोप लागत नाही म्हणून रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ पाहत पडतो, असे कोणी आपल्या मैत्रिणीला सांगतो, तेव्हा कोणाला सांगायचे, किती सांगायचे आणि कशासाठी सांगायचे हे तिन्ही निर्णय त्याचे असतात. शिवाय झोप न लागण्याचे कारणही सवयीसोबतच तिच्यापर्यंत पोहोचते. त्याच रात्रीचा लास्ट सीन मात्र ‘2.10’ एवढेच दाखवतो, आणि सर्वांसाठी खुला असेल तर तो मैत्रिणीला, वरिष्ठांना आणि कधीकाळी कामापुरता नंबर दिलेल्या माणसाला सारखाच दिसतो. कारणाची जागा रिकामी राहते आणि पाहणारा ती आपल्या मनाप्रमाणे भरून काढतो.

शिवाय काय दिसावे हे पुष्कळदा आपण ठरवलेलेच नसते. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर 2014 मध्ये संदेश वाचल्याचे दाखवणाऱ्या निळ्या टिक आणल्या, तेव्हा त्या बंद करण्याची सोय नव्हती. ती लोकांच्या नाराजीनंतर आली. फेसबुकच्या 2007 मधील ‘बीकन’ या सुविधेने तर इतर संकेतस्थळांवर केलेली खरेदी मित्रांच्या फीडमध्ये झळकवली होती. तक्रारी आणि खटल्यानंतर 2009 मध्ये ती गुंडाळावी लागली. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. या कंपनीने नोव्हेंबर 2017 मध्ये वापरकर्त्यांच्या एकत्रित नोंदींवरून जगाचा नकाशा प्रसिद्ध केला आणि जानेवारी 2018 मध्ये लोकांच्या लक्षात आले की, निर्जन भागांतील लष्करी तळांभोवतीच्या धावण्याच्या वाटा त्यावर स्पष्ट उजळल्या आहेत. तेथे धावणाऱ्यांनी आपली सवय जगाला सांगायला घेतली नव्हती, ती दिसली.

अर्थात सांगितलेली सवय अचूक असतेच असे नाही. 2021 मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेव्हिअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या विश्लेषणात असे आढळले की, लोकांनी स्वतःच्या वापराबद्दल दिलेले अंदाज उपकरणांच्या नोंदींशी क्वचितच तंतोतंत जुळतात. याला खोटेपणा म्हणणे मला योग्य वाटत नाही, कारण फोन हाती घेणे इतके नकळत घडते की त्याची मोजदाद मनात राहतच नाही. म्हणून किती वेळ गेला हे यंत्राला विचारावे, पण का गेला हे त्या माणसालाच विचारावे लागते.

दोन्हींची सरमिसळ होते अशाही जागा आहेत. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपचा वर्षअखेरीचा ‘रॅप्ड’ हा आढावा यंत्राने नोंदलेला असतो, तरी तो इतरांना दाखवायचा की नाही हे ऐकणारा ठरवतो, त्यामुळे तो मी सांगण्याच्या बाजूला धरतो. लास्ट सीन बंद करणेही मला त्याच बाजूचे वाटते: कोणाला काय कळावे हा निर्णय त्या व्यक्तीने स्वतःकडे परत घेतलेला असतो, आणि त्याची किंमत म्हणून तिला इतरांचा लास्ट सीनही दिसेनासा होतो. हीच व्यक्ती जवळच्या माणसाला आपल्या जागरणाबद्दल सगळे सांगत असू शकते. याउलट सगळ्या सेटिंग खुल्या ठेवणाऱ्या माणसाने ऑनलाइन जुगारात गेलेल्या रात्रींबद्दल कोणाकडे अवाक्षरही काढलेले नसते, हे शक्य आहे.

हा फरक सर्वांत जास्त घरात जाणवतो. ‘फोन दाखव’ म्हटले की हाती हिस्ट्री येते, वेळा येतात, नावे येतात, आणि त्यापुढे दाखवणारा बहुधा गप्प होतो. ‘हल्ली रात्री जागतोस का रे?’ या प्रश्नाला पहिल्या दिवशी उत्तर मिळेलच असे नाही. तरी मी तोच विचारेन.